सायकल भंगारात घालण्याआधी तिची चेन मोजा



गटांच्या बैठकींना गावोगाव फिरताना एक गोष्ट सारखी दिसते. बऱ्याच घरांच्या पडवीत सायकल असते, पण ती चालत नाही. तिच्यावर गोधडी वाळत असते, नाहीतर हँडलला पिशव्या लटकत असतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "खराब झालीय." नेमकं काय झालंय विचारलं की मग कळतं: चेन पडते, पायडल नुसतं गरगर फिरतं, ब्रेक लागत नाही. म्हणजे सायकल गेलेली नसते. तिचा एखादा भाग झिजलेला असतो.

पण सायकल उभी राहिली की त्याची किंमत कुणाला मोजावी लागते? शाळा ४ किलोमीटरवर असेल तर मुलीला. पहिले चार दिवस कुणीतरी गाडीवर सोडतं, मग खाडे सुरू होतात. आणि आपल्यालाही मोजावी लागते. डेअरी, बँक, रेशन दुकान, गटाची बैठक, प्रत्येक ठिकाणी "मला कुणी सोडेल का?" असं विचारत बसावं लागतं.

आपल्यापैकी काहींच्या मुलींना मानव विकास कार्यक्रमातून सायकलसाठी मदत मिळाली आहे. आठवी ते बारावीच्या गरजू मुलींसाठी ती योजना आहे. म्हणजे आठवीत आलेली सायकल बारावीपर्यंत ५ वर्षं चालायला हवी. रोज जाऊन-येऊन ८ किलोमीटर आणि वर्षाचे २०० दिवस धरले, तरी वर्षाला १,६०० किलोमीटर होतात. एवढं चालल्यावर भाग झिजणारच. प्रश्न एवढाच की कुठला भाग कधी बदलायचा, आणि दुकानात जाऊन काय मागायचं. या लेखात तेच समजून घेऊ.

जोर कुठून कुठे जातो

आपल्या साध्या सायकलला गिअर नसतात. पायडल दाबलं की मोठं दातेरी चक्र फिरतं, त्याला चेनव्हील म्हणतात. चेनव्हील चेनला ओढतं. चेन मागच्या चाकावरच्या छोट्या दातेरी चक्राला फिरवते, ते फ्रीव्हील. आणि फ्रीव्हील मागचं चाक फिरवतं. एवढाच हा सगळा कारभार आहे.

यातलं फ्रीव्हील जरा समजून घ्या. उतारावर आपण पाय थांबवतो तरी सायकल चालत राहते आणि मागून कटकट आवाज येतो. तो फ्रीव्हीलच्या आतल्या खटक्यांचा आवाज. मिस्त्री त्यांना "कुत्रे" म्हणतात. पायडल पुढे दाबलं की हे कुत्रे आतल्या दातांना धरतात, पाय थांबवला की सोडतात. ते झिजले किंवा मातीने चिकटून बसले की धरत नाहीत. मग पायडल गरगर फिरतं आणि सायकल जागची हलत नाही.

उलटंही होतं. गंजून फ्रीव्हील जाम झालं तर ते सोडतच नाही. मग चाक फिरतं तोवर पायडलही फिरत राहतं. शहरात काही हौशी मुलं मुद्दाम अशी सायकल चालवतात, तिला फिक्स गिअर म्हणतात. त्यांना तिची सवय असते. आपल्याला उतारावर पाय थांबवायची सवय आहे. पायडल थांबलंच नाही तर पायाला हिसका बसतो, आणि साडी किंवा ओढणी अडकली तर सोडवायलाही वेळ मिळत नाही. म्हणून "फ्रीव्हील गेलंय, वेल्डिंगचा टाका मारून देतो, पैसे वाचतील," असं कुणी म्हणालं तर सरळ नको म्हणा. तो टाका म्हणजे आपली सायकल कायमची फिक्स करणं आहे.

चेन आधी झिजते, आणि बाकीच्यांना झिजवते

चेन म्हणजे कड्या आणि पिना. "चेन ताणली" असं आपण म्हणतो, पण लोखंड रबरासारखं ताणलं जात नाही. पिन आणि कडी एकमेकींवर घासून झिजतात. प्रत्येक जागी केसाएवढी झीज, पण शंभरएक जागा मिळून चेन लांब होते.

नव्या चेनच्या एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत बरोबर अर्धा इंच अंतर असतं. चेनव्हील आणि फ्रीव्हीलचे दातही त्याच मापाचे असतात. चेन लांब झाली की ती दातांच्या खाचेत नीट बसत नाही, दाताच्या टोकाकडे सरकते आणि दात खाऊ लागते. म्हणजे एक झिजलेली चेन हळूहळू दोन्ही चक्रं संपवते. चेन या तिघांत स्वस्त आणि बदलायला सोपी. ती वेळेत बदलली तर बाकीची दोन वाचतात. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

पट्टीने चेन कशी मोजायची

मुलांच्या दप्तरातली ३० सेंटीमीटरची पट्टी पुरते.

१. चेनचा खालचा पदर फडक्याने पुसून घ्या. पूर्ण चेनकव्हर असेल तर ते आधी खोलावं लागेल.

२. चेन हाताने ओढून ताठ धरा. हे काम दोघींनी मिळून केलेलं सोपं जातं. सायकल स्टँडवर असू द्या आणि हाताने धरलेलं असताना कुणी पायडल फिरवू नका.

३. एका पिनेचा मध्य पट्टीच्या शून्याच्या रेघेवर धरा. पट्टीच्या कडेवर नको, रेघेवर.

४. ती पिन सोडून पुढच्या पिना मोजा: एक, दोन, तीन, असं वीसपर्यंत.

५. विसाव्या पिनेचा मध्य कुठे येतो ते बघा.

नव्या चेनमध्ये तो १० इंचांवर, म्हणजे २५ सेंटीमीटर ४ मिलिमीटरवर येतो. ५ मिलिमीटरवर आला तर बदलायची वेळ जवळ आली, पैशांची सोय करून ठेवा. ६ मिलिमीटरवर आला तर चेन आता बदला. ७ किंवा त्याच्या पुढे गेला असेल तर फ्रीव्हीलचे आणि चेनव्हीलचे दातही नीट बघा. चांगला दात दोन्ही बाजूंनी सारखा असतो. झिजलेला दात विळ्यासारखा एका बाजूला वाकडा दिसतो. अशा दातांवर नवी चेन टाकली तर ती जोर लावला की घसरते. तेव्हा चेन आणि फ्रीव्हील दोन्ही एकदमच बदलावं लागतं.

"एक कडी काढून देतो"

हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. चेन सैल होऊन पडायला लागली की मिस्त्री आधी मागचं चाक मागे ओढून देतो. चेन जरा सैल झाली असेल तर ते बरोबरच आहे. चेनच्या मधोमध बोटाने वर-खाली केलं तर साधारण अर्धा ते पाऊण इंच हलली पाहिजे. फार ताठ नको, फार सैल नको.

पण चाक मागे ओढायला जागाच उरली नाही की मग कडी काढतात. चेन आखूड होते, पडायची थांबते, आणि आपल्याला वाटतं काम झालं. खरं तर उरलेली प्रत्येक कडी झिजलेलीच असते. चेन आखूड झाली, पण पिनेपासून पिनेचं अंतर कमी झालं नाही. ती दात खातच राहते. थोड्या पैशांत काम भागल्यासारखं वाटतं, आणि काही महिन्यांनी तिन्ही वस्तूंचा खर्च समोर येतो. म्हणून कडी काढण्याआधी पट्टी लावा.

नवी चेन घेताना "साध्या बिनगिअरच्या सायकलची" असं सांगा. गिअरच्या सायकलची चेन अरुंद असते, ती आपल्या दातांवर बसत नाही. चेन जोडणारं छोटं लॉक असतं, त्याचं एक तोंड बंद आणि एक उघडं असतं. चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला बंद तोंड यायला हवं. उलटं बसवलं तर कुठेतरी घासून लॉक निघू शकतं. मिस्त्रीने बसवल्यावर हे एकदा बघून घ्या, दोन सेकंदांचं काम आहे.

फ्रीव्हील बदलताना दात मोजा

फ्रीव्हील काढायला खास पाना लागतो, म्हणून ते दुकानातच करून घ्या. पण किती दातांचं घ्यायचं हे तुम्ही ठरवू शकता. बऱ्याच साध्या सायकलींना १८ दातांचं असतं, २० दातांचंही मिळतं.

समजा पुढच्या चेनव्हीलला ४४ दात आहेत. मागे १८ दात असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. २० दात असतील तर सव्वादोन वेळांपेक्षा थोडं कमी. म्हणजे वेग साधारण दहावा हिस्सा कमी होतो, पण पायावरचा जोरही तेवढाच हलका होतो. गाव चढावर असेल, कॅरियरवर दुधाची किटली किंवा पोतं असेल, किंवा गुडघे दुखत असतील, तर २० दातांचं बरं पडतं. सपाट रस्ता आणि लांबचं अंतर असेल तर १८ चांगलं. १८ काढून २० बसवलं तर चेन थोडी लांब लागू शकते, म्हणून चेन आणि फ्रीव्हील एकत्र बदलताना हा बदल करणं सोयीचं. बसवताना आट्यांना ग्रीस लावायला सांगा, म्हणजे पुढच्या वेळी ते सुटताना त्रास देणार नाही.

ब्रेक: इथे काटकसर नाही

सायकल चालली नाही तर आपण उशिरा पोचू. थांबली नाही तर काय होईल ते सांगायला नको. ब्रेकची मूठ दाबून बघा. ती हँडलला टेकत असेल तर ब्रेक आवळायला झालाय. ब्रेकचं रबर झिजून आतला पत्रा रिमला लागायला आला असेल तर रबर लगेच बदला. पत्रा घासला की रिम खराब होते, आणि रिम रबराच्या कितीतरी पट महाग.

दांड्यांचा ब्रेक असेल तर रबर रिमच्या आतल्या बाजूला लागतं, वायरचा असेल तर दोन्ही कडांना. दोन्हींची रबरं वेगळी असतात, म्हणून जुनं रबर दुकानात सोबत न्या. रबर ज्या पत्र्याच्या खोबणीत बसतं तिचं एक तोंड बंद असतं. चाक ज्या दिशेला फिरतं, त्या बाजूला बंद तोंड हवं. उलटं बसलं तर जोरात ब्रेक मारताना रबर खोबणीतून सरकून बाहेर पडू शकतं.

पावसात लोखंडी रिम ओली झाली की ब्रेक फार कमी धरतो. ही गोष्ट मुलींना जरूर सांगा. उताराच्या आधीच ब्रेक हलका दाबायला लागायचं, म्हणजे रिमवरचं पाणी पुसलं जातं. आणि रिमला तेल कधीही लागू द्यायचं नाही.

सव्वीसचा टायर, पण कुठला सव्वीस?

दुकानात "सव्वीसचा टायर द्या" म्हटलं आणि घरी आणल्यावर बसला नाही, असं होऊ शकतं. कारण सव्वीस नावाचे टायर एकाच मापाचे नसतात. बऱ्याच लेडीज सायकलींना २६ × १ ३/८ लागतो. जाड टायरच्या, मुलांच्या रेंजरसारख्या सायकलींना २६ × १.९५ किंवा तसा काही असतो. नाव सव्वीस, पण दोघांच्या रिममध्ये जवळजवळ ३ सेंटीमीटरचा फरक असतो. एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही.

खात्रीचा आकडा टायरच्या बाजूला छोट्या अक्षरांत छापलेला असतो. पहिल्या सायकलचा ३७-५९० असा असतो, दुसऱ्याच्या शेवटी ५५९ असतं. जुन्या मोठ्या २८ × १ १/२ च्या सायकलला शेवटी ६३५ असतं. हा शेवटचा आकडा वहीत लिहून ठेवा. ट्यूबही त्याच मापाची मागा. नवा टायर घेताना बाजू जरा वाकवून बघा. बारीक भेगा दिसल्या तर माल जुना पडून राहिलेला आहे, दुसरा मागा.

आणि हवा गेली म्हणजे पंक्चरच, असं नाही. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हमध्ये बारीक रबरी नळी असते, दुकानात तिला वॉल ट्यूब म्हणतात. ती चिरली तरी हवा जाते. हवा भरून व्हॉल्व्हच्या तोंडाला पाण्याचा थेंब लावा. बुडबुडा आला तर फक्त ती नळी बदला. पंक्चरचे पैसे वाचले!

खडखड आणि डुलणं

पायडल मारताना प्रत्येक फेऱ्याला एकदा "टक" असा हिसका बसत असेल तर कॉटर पिन बघा. पायडलचा दांडा धुरीवर घट्ट धरणारी ती पिन आहे. स्वस्त वस्तू आहे, पण सैल पिनेवर सायकल चालवत राहिलं तर दांड्याचं भोक मोठं होतं आणि दांडाच बदलावा लागतो. नवी पिन बसवल्यावर दोन-तीन दिवसांनी तिचं नट पुन्हा एकदा आवळून घ्या.

चाक हाताने डावी-उजवीकडे हलवून बघा. डुलत असेल तर आतले छर्रे किंवा कोन सैल झालेत, नाहीतर झिजलेत. छर्रे बदलायचे तर चाकातले सगळे एकदम बदला, जुन्यात चार नवे मिसळू नका. चाकाची एखादी तार तुटली तर चालढकल नको. तिचा भार शेजारच्या तारांवर जातो, मग त्याही तुटतात आणि चाक वाकडं होतं.

चेनकव्हर आणि मागच्या चाकाची जाळी खडखडते म्हणून काढून टाकू नका. आपली साडी आणि मुलींची ओढणी त्यांच्यामुळेच वाचते. स्क्रू आवळा, आवाज बंद होईल.

तेल कुठलं?

चेनला मशीनचं किंवा नवं इंजिन ऑइल, कडी-कडीवर एकेक थेंब. पायडल उलटं फिरवून तेल मुरू द्या आणि वरचं पुसून काढा, कारण वर राहिलेल्या तेलावर धूळ बसते. खायचं तेल नको, ते वाळून चिकट होतं. गाडीतून काढलेलं जळकं ऑइल नको, त्यात लोखंडाचा कीस असतो. रॉकेलने चेन धुता येते, पण ते वंगण नाही, धुतल्यावर तेल घालायलाच हवं. पावसाळ्यात सायकल भिजली की चेन पुसून तेल घाला. चेनचं आयुष्य यानेच वाढतं.

पैसे थोडेच असतील तर

सगळं एकदम करायला जमत नसेल तर हा क्रम धरा: आधी ब्रेक, मग टायर-ट्यूब आणि तुटलेल्या तारा, मग चेन, मग कॉटर आणि छर्रे. मडगार्ड, घंटी, सीटचं कव्हर नंतर.

दुकानात "सायकल बघा जरा" असं म्हणून सोडून येऊ नका. असं सांगा: "भाऊ, चेन मोजलीय, वीस कड्यांत दोन मिलिमीटर वाढलीय. नवी चेन टाका. फ्रीव्हीलचे दात दाखवा, खराब असतील तरच बदलू. जुने भाग मला परत द्या." नाव आणि माप घेऊन गेलेल्या बाईला कुणी उगाच सगळं बदलायला सांगत नाही. आणि चांगल्या मिस्त्रीलाही असं गिऱ्हाईक आवडतं, त्याचाही वेळ वाचतो.

पुढच्या बैठकीत एवढं करू

बचत जमा झाली की अर्धा तास राखून ठेवा. ज्यांच्या घरी सायकल आहे त्यांनी ती घेऊन या, बंद पडलेली असली तरी आणा. दोघी-दोघींनी मिळून चेन मोजा, ब्रेक दाबून बघा, टायरचा आकडा वाचा. लिहिणाऱ्या ताईंनी एका पानावर प्रत्येकीचं नाव, टायरचा आकडा, चेनचं माप आणि काय बदलायचं ते लिहावं. ५-६ जणींना एकच वस्तू लागत असेल तर तालुक्याच्या दुकानात भाव विचारून एकत्र आणा. एखादीकडे पैसे नसतील तर गटाच्या नियमाप्रमाणे छोटं अंतर्गत कर्ज घेता येईल. मुलीच्या शाळेचा आणि आपल्या कामाचा रस्ता चालू ठेवणारा हा खर्च आहे, तो मागायला संकोच नको.

ग्रामसंघाने ठराव करून एक पंप, पान्यांचा संच, पंक्चरचं सामान आणि तेलाची बाटली घेतली तर सगळ्या गटांना वापरता येईल. हवा भरणं, तेल घालणं, चेन मोजणं, ब्रेकचं रबर बदलणं ही कामं आपण घरी करू शकतो. फ्रीव्हील, कॉटर आणि छर्रे दुकानात. एखादीला यात गोडी वाटली तर तिने मिस्त्रीकडे बसून पुढचं कामही शिकून घ्यावं. गावात सायकली भरपूर आहेत, काम कमी पडणार नाही.

तुमच्या गटाने किती सायकली मोजल्या आणि त्यातल्या किती पुन्हा रस्त्यावर आल्या, ते तुमच्या सीआरपी ताईंकडे लिहून द्या. पुढच्या अंकात गटाच्या नावासह छापू.